ब्लोअरची घरघर आणि नळीतली गोळी

लेखमाला : श्वासाची राखण – भाग 6

चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मास्कबद्दल गेल्या आठवड्यात बोललो. दोन दिवसांची दाढी वाढली तरी कडेनं हवा शिरते, असं म्हटलं होतं. मग दाढी ठेवणाऱ्यानं काय करायचं? त्याच्यासाठी एक साधन आहे. कागदोपत्री नाव पॉवर्ड एअर-प्युरिफाइंग रेस्पिरेटर, आद्याक्षरांनी पीएपीआर, बोलताना ‘पॅपर’. कामगार मात्र सरळ ‘हुड’ नाहीतर ‘ब्लोअर’ म्हणतात.

रचना साधी आहे. कमरेच्या पट्ट्याला मागे एक डबा, त्यात बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आणि पंख्याच्या तोंडाशी फिल्टर. पंखा आजूबाजूची हवा फिल्टरमधून ओढतो आणि पाठीवरून वर गेलेल्या होजमधून डोक्यावरच्या हुडात सोडतो. साध्या मास्कमध्ये हवा ओढण्याचं काम छातीला करावं लागतं, त्यामुळे फट असेल तिथून घाण हवाही आत येते. हुडात उलटं घडतं. माणसाला लागते त्याहून जास्त हवा आत येत राहते आणि उरलेली कडांमधून बाहेर पडते. म्हणून सैल हुडाला फिट टेस्ट लागत नाही, दाढी चालते, चष्माही चालतो.

पण हे सगळं आत येणाऱ्या हवेच्या मापावर उभं आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या नियमानुसार सैल हुडात मिनिटाला किमान 170 लिटर हवा यायला हवी, घट्ट बसणाऱ्या मुखवट्यात 115 लिटर. माप घसरलं की हुड म्हणजे डोक्यावर घातलेली पिशवी.

बोईसरकडच्या एका औषध कारखान्यात हे डोळ्यांनी पाहिलं. रिअ‍ॅक्टरमध्ये पावडर चार्ज करायची होती. ऑपरेटर तरुण, चटपटीत. हुड हातात, ब्लोअर चालू, निघालाच होता. मी म्हटलं, “दादा, जरा फ्लो बघू.” तो म्हणाला, “साहेब, चालू आहे ना. ऐका की आवाज.” घरघर खरंच ऐकू येत होती. ब्लोअरबरोबर एक पारदर्शक नळी येते, आत हलकी गोळी असते आणि बाजूला खूण. ही नळी होजच्या टोकाला लावून उभी धरायची. गोळी खुणेच्या वर तरंगली तर हवा पुरेशी. आमची गोळी खुणेच्या बोटभर खाली घुटमळत राहिली. बॅटरी बदलली, तरी तिथेच. फिल्टर काढला तर तो पावडरीनं गच्च भरलेला. नवा बसवला आणि गोळी टुणकन वर गेली. आवाजात मला तरी काही फरक कळला नाही. त्या पोरालाही नाही.

मोटर फिरते आहे एवढंच आवाजानं कळतं. हवा किती येते ते गोळी सांगते. ही तपासणी दर वेळी वापरण्याआधी करायची. त्याच वेळी बॅटरी पूर्ण चार्ज आहे का, होजला चीर आहे का, व्हायझर तडकला आहे का, हेही बघून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

फिल्टर भरला म्हणून कॉम्प्रेस्ड एअर मारून साफ करणं ही आपल्याकडची आवडती काटकसर. त्यानं फिल्टरचं कापड फाटतं आणि अडकलेली पावडर मारणाऱ्याच्याच तोंडावर येते. दुसरी काटकसर म्हणजे एका कंपनीच्या ब्लोअरला दुसऱ्या कंपनीची होज टेप गुंडाळून बसवणं. या साधनाला मान्यता मिळते ती ब्लोअर, फिल्टर, होज आणि हुड अशा पूर्ण जोडणीला. एक भाग बदलला की मान्यता संपली.

आता पॅपर काय करत नाही, ते. तो हवा तयार करत नाही, आहे तीच गाळतो. टाकीत, मॅनहोलमध्ये, जिथे ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असू शकतो तिथे पॅपर घालून उतरणं म्हणजे मरणाला आमंत्रण. दुसरं, धुळीचा फिल्टर सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. तिला वेगळं कार्ट्रिज लागतं. ते संपल्याचं बाहेरून दिसत नाही, म्हणून वास येण्याची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला बदलायचं. तिसरं, ज्या जागी सॉल्व्हंटची वाफ पेट घेऊ शकते, तिथे साध्या ब्लोअरची मोटर आणि बॅटरी हीच ठिणगी ठरू शकते. अशा जागेसाठी खास प्रमाणित ब्लोअर असतात, तेच वापरायचे.

संरक्षणालाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या ओशा या संस्थेच्या हिशेबात साध्या अर्ध्या मास्कचा संरक्षण गुणांक 10, सैल हुडाच्या पॅपरचा 25 आणि पूर्ण चेहरा झाकणाऱ्या घट्ट पॅपरचा 1000. म्हणजे सैल हुड असेल तर बाहेरच्या धुळीचा पंचविसावा हिस्सा आत येऊ शकतो, असं धरूनच काम आखायचं. काही हुडांनाही 1000 मिळतो, पण तसा चाचणीचा पुरावा उत्पादकाकडे असेल तरच.

काम करताना हुडात हवेचा आवाज भरून राहतो. मागून आलेल्या फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून जोडीदाराशी हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवा. अलार्म वाजला, थरथर जाणवली किंवा पंखा बंद पडला, तर हुड डोक्यावर ठेवूनच ताबडतोब बाहेर पडायचं. जीव घुसमटला की हात आपोआप हुडाकडे जातो. त्या हाताला आवर घालायची सवय आधीच, मोकळ्या हवेत, सरावानं लावावी लागते.

माणूस सगळ्यात गाफील असतो तो काम संपल्यावर. घाम आलेला, चहाची वेळ झालेली, आणि हुड, खांदे, बाह्या सगळं पावडरीनं माखलेलं. तिथेच ब्लोअर बंद करून हुड उपसला, तर दिवसभर चुकवलेली पावडर एका श्वासात नाकात जाते. म्हणून आधी त्या जागेबाहेर यायचं. चांगल्या कारखान्यांत दाराशी मिस्ट शॉवर असतो. बारीक तुषारांनी पावडर ओली होऊन बसते, उडत नाही. जोडीदार पुसायला मदत करतो. मग बाहेरचे हातमोजे आणि सूट आतली बाजू बाहेर करत गुंडाळून काढायचा, त्यानंतर हुड. एवढा वेळ पंखा चालूच. बटण बंद करायचं ते सगळ्यात शेवटी.

उद्या शिफ्टला जाल तेव्हा एवढंच विचारा : ती गोळीची नळी कुठे ठेवली आहे? पुष्कळ ठिकाणी ती खरेदीच्या दिवशीच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडता सापडते. तशी सापडली तर आधी ते सील फोडा आणि मगच हुड घाला.

(पुढील भागात : जिथे हवा गाळूनही भागत नाही, तिथली एअरलाइन)