गावसकर मोठे की सचिन? हिशेब मांडून बघू

बऱ्हाणपूर : शनवाऱ्यात क्रिकेटचा विषय निघाला की गावसकर मोठे की सचिन, हा वाद ठरलेलाच. कसोटीत सचिनचे १५,९२१ रन, गावसकरांचे १०,१२२. मग वाद कसला, असं पोरं म्हणतात. पण सचिन २०० कसोटी खेळला, गावसकर १२५. भागाकार करा : कसोटीमागे गावसकरांचे ८१, सचिनचे ८०. शतकं ३४ आणि ५१. पण दोघांचंही साधारण सहा-साडेसहा डावांमागे एक. हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

फरक आहे तो काळाचा. गावसकरांनी वेस्ट इंडीजच्या विरुद्ध १३ शतकं काढली, तीही हेल्मेट न घालता. बाउन्सरवर तेव्हा आजच्यासारखी मर्यादा नव्हती. सचिन २४ वर्षांच्या कारकिर्दीत कसोटीसोबत ४६३ वनडेही खेळला. पेपरच वेगळे, मग मार्क एका यादीत कसे लावायचे?

म्हणून खेळाडूला त्याच्याच काळातल्या इतरांशी ताडून बघावं. कसोटीत १० हजार रन सगळ्यांत आधी गावसकरांनी केले, १९८७ मध्ये. पुरुषांच्या वनडेत पहिलं द्विशतक सचिनचं, २०१० मध्ये, आपल्याच मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरला. आपापल्या काळात दोघंही सगळ्यांच्या पुढे होते. वाद मिटणार नाही, पण निदान नुसत्या बेरजेवर तरी घालू नये.