क्लोरीन वाटेत कुठं खर्च होतं?

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं. शेवटच्या नळाला क्लोरीन तपासणाऱ्या ऑर्थोटोलिडीन (ओटी) टेस्टचा पिवळा रंग दिसला नाही की गावोगावी उपाय ठरलेला असतो : टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवा. माझ्या मते आधी पाहायला हवं ते पाणी पाइपातून कसं वाहतं. क्लोरीन दोन ठिकाणी खर्ची पडतं. एक खुद्द पाण्यात, विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांशी झटत. तिथं वेळेला महत्त्व, पाणी जितकं रेंगाळेल तितकी घट. दुसरं पाइपाच्या आतल्या भिंतीवर, गंज आणि जिवाणूंच्या बुळबुळीत थरावर. पण क्लोरीन भिंतीपर्यंत पोचलं तरच भिंत ते खाणार, आणि ते पोचवण्याचं काम प्रवाह करतो.

चार इंची, म्हणजे सुमारे 100 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात वेग सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटरच्या खाली असला की पाणी शांत थरांनी सरकतं आणि क्लोरीन भिंतीकडे अगदी सावकाश झिरपतं. वेग वाढला की खळबळ सुरू होते आणि सगळंच पाणी भिंतीला लागून जातं. ‘मग वेग वाढवा, पाणी लवकर पोचेल, क्लोरीन वाचेल,’ असं कुणी म्हणेल. पाण्यातल्या घटीपुरतं ते खरं आहे. गंजलेल्या लोखंडी पाइपात मात्र गणित फसतं. खळबळत्या प्रवाहात क्लोरीन भिंतीकडे जाण्याचा दर वेगाच्या साधारण 0.88 घाताने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला तर प्रवासाचा वेळ निम्मा होतो, पण भिंतीकडची ने-आण सुमारे 1.84 पट होते. भिंत येईल तेवढं क्लोरीन गिळणारी असेल, तर दर मीटरमागची बचत जेमतेम आठ टक्के. पीव्हीसी पाइपाची भिंत क्लोरीन फारसं खात नाही, म्हणून तिथं वेग वाढवल्याचा फायदा बराच पदरात पडतो. एकच नियम सगळ्या पाइपांना लावता येत नाही तो यामुळे.

आपल्याकडे तर वेग एकसारखा नसतोच. पाणी काही तास सुटतं, मग व्हॉल्व्ह बंद. मधल्या काळात पाइपात उरलेल्या पाण्यातलं क्लोरीन संपत जातं, आणि पुन्हा पाणी सोडलं की पहिला जोराचा लोट तळाचा गाळ आणि भिंतीवरचा थर उचलून आणतो. तोही क्लोरीन खातो. हुबळी-धारवाडमध्ये बर्कलीच्या संशोधकांनी खंडित आणि अखंड पुरवठ्याची तुलना केली, तेव्हा पाणी सुटल्यावरच्या सुरुवातीच्या पाण्यात गढूळपणा आणि दूषितपणा जास्त आढळला. यावर ‘जोराचा प्रवाह पाइप घासून स्वच्छ करतो’ असा आक्षेप येतो, आणि तो चुकीचा नाही. नेदरलँड्समध्ये गल्लीतले पाइप मुद्दाम बारीक ठेवतात, म्हणजे रोजच्या सर्वाधिक वापराच्या वेळी सेकंदाला सुमारे 0.4 मीटर वेग मिळतो आणि गाळ बसत नाही. पण तो जोर रोजचा असतो. महिनोन्‌महिने साचू देऊन एकदम उसळवलेला नव्हे. टीसीएल वाढवल्यानं टाकीजवळच्या घरांना उग्र वास आणि ट्रायहॅलोमिथेनसारखी उपउत्पादनं मिळतात, टोकाच्या घरांचा पहिला लोट तरीही क्लोरीनविनाच राहतो. म्हणून ओटी टेस्ट एकदाच, मधल्या वेळी करून भागत नाही. पाणी सुटताक्षणी, मध्ये आणि बंद होण्याआधी, अशी तीनदा, त्याच टोकाच्या नळावर करावी लागते.