हॅम रेडिओचं लायसन घेऊन वॉकी-टॉकी भाड्याने देता येतात का?

जिंतूरच्या एका तरुणाचा फोन आला होता. मंगल कार्यालयं, मिरवणुका, जिनिंगचा सीझन अशा ठिकाणी वॉकी-टॉकी भाड्याने द्यायच्या, असा त्याचा प्लॅन. वीस चिनी सेट ऑनलाईन बघून ठेवलेले. म्हणाला, "सर, हॅम रेडिओचं लायसन काढलं की झालं ना?"

नाही झालं. पैसे भरायच्या आधी त्याने विचारलं, हे बरं केलं.

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देऊन परवाना मिळतो. वयाची अट फक्त 12 वर्षं. पास झालात की व्हीयू2 किंवा व्हीयू3 ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाईन मिळतं. पण हा परवाना शिकण्यासाठी, प्रयोगासाठी आणि आपत्तीत मदतीसाठी आहे. त्यावरून धंद्याचं बोलणं चालत नाही, निरोपाचे पैसे घेता येत नाहीत. आणि परवाना असतो तुमच्या नावाचा. मंगल कार्यालयातल्या वाढप्याच्या हातात तो सेट देता येत नाही.

आपल्या मराठवाड्याला ही हौस काय कामाची, ते 30 सप्टेंबर 1993 नंतर कळलं. किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी संपर्काचं काम केलं होतं, आणि ते फुकट.

मग भाड्याच्या धंद्यासाठी काय? 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा 2018 च्या नियमांनी परवानामुक्त झाला आहे. ताकद कमी ठेवायची अट आहे, त्यामुळे पल्लाही कमी. एका कार्यालयाच्या आवारात, पार्किंगपासून भटारखान्यापर्यंत, काम भागतं. परभणीहून गंगाखेडला बोलू म्हणाल तर विसरा. या सेटला ईटीए, म्हणजे उपकरण-मान्यतेचा कागद लागतो. स्वस्तातले जे सेट कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकली की चालतात, ते यात बसत नाहीत. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून ऑनलाईन विक्री कंपन्यांना 13 नोटिसा काढल्या आणि नंतर विक्रीसाठी मार्गदर्शक नियमही आणले. तेव्हा "वेबसाईटवर मिळतंय म्हणजे कायदेशीरच असणार" हे डोक्यातून काढा.

आता माझ्या आवडीचा भाग. हॅमवर बोलून कमाई नाही, पण हॅम लोकांना लागणाऱ्या वस्तू बनवून विकायला कोण अडवतं? अँटेना घ्या. 7.1 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 42 मीटर लांब. तिच्या निम्मं केलं, त्यातून पाचेक टक्के वजा केलं, की साधारण 20 मीटर तार. मधोमध तोडून दहा-दहा मीटरच्या दोन भुजा, मध्ये कोअॅक्स केबल जोडायची, झाला डायपोल! 145 मेगाहर्ट्झसाठी तर 49 सेंटीमीटरची उभी काडी पुरते. तांब्याची तार, पीव्हीसी पाईप आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. कनेक्टर तेवढे बाहेरून मागवावे लागतील.

नवीन काय म्हणाल, तर नॅनोव्हीएनए. मोबाईलएवढं यंत्र, अँटेना नीट जुळली की नाही ते पडद्यावर दाखवतं. पूर्वी असं यंत्र म्हणजे प्रयोगशाळेची चैन होती. प्रत्येक अँटेनासोबत तिच्या मोजणीचा फोटो पाठवला, तर गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो. मात्र गणित नीट करा. नुसत्या परभणी जिल्ह्यात पोट भरेल एवढे हॅम नाहीत, माल देशभर कुरिअरने पाठवावा लागेल. सुरुवातीला जोडधंदा म्हणूनच बघा.

यासाठी परवाना काढाच, असं मी त्याला सांगितलं. स्वतः वापरल्याशिवाय अँटेनातली खोट कळत नाही. शिवाय हॅम क्लबांत सकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर गप्पा होतात, लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या स्पर्धा होतात, अंतराळ स्थानकाचा आवाज ऐकायचे प्रयोग होतात. तुमचं गिऱ्हाईक तिथेच भेटतं. (जाहिरातीचा खर्च शून्य!)

परवा त्याचा परत फोन आला. वीसऐवजी 446 चे सहाच सेट घेतोय. दुकानदाराकडे ईटीएचा कागद मागितला, तर तो म्हणाला, "असं कोणी मागत नाही हो." पोरगं दुसऱ्या दुकानात गेलं.