ऊब हवी, पण जपून!

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या निफाडकडे थंडी मुक्कामाला येते. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा किती खाली गेला, हे बाकीच्यांना पेपरमधून कळतं. आम्हाला मात्र ते पहाटे भांडी घासताना बोटांनाच कळतं! द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात. अलीकडे या गोधड्यांच्या जोडीला आणखी एक पाहुणा आलाय, इलेक्ट्रिक ब्लँकेट. कुणाच्या मुलाने पुण्याहून आजीसाठी पाठवलेलं, कुणाच्या लेकीने आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी ऑनलाइन मागवलेलं.

मैत्रिणींनो, वस्तू खरंच सोयीची आहे. गार पडलेलं अंथरूण अर्ध्या तासात उबदार होतं, म्हातारी माणसं सुखाने आडवी होतात. पण गंमत अशी, की ते दिसतं पांघरुणासारखं, म्हणून आपण त्याला वागवतोही पांघरुणासारखंच. म्हणजे आपटायचं, पिळायचं, चापूनचोपून घडी घालायची. खरं तर त्याची जात इस्त्रीची आणि गिझरची. हे एकदा ध्यानात आलं, की त्याची निगा कशी राखायची ते आपोआप सुचत जातं.

आत असतं तरी काय?

दोन कापडांच्या मध्ये बारीक तार नागमोडी फिरवून शिवलेली असते. वीज सुरू केली की ही तार तापते. तारेवर संरक्षक आवरण असतं आणि उष्णता कमी-जास्त करायला बाहेर कंट्रोलर असतो. तार सारखी एकाच जागी मोडत राहिली, तर आवरणाला तडा जातो. ब्लँकेट चुरगळलेलं असलं, तर त्या जागी उष्णता साठते आणि कापड करपतं. आग लागते ती अशाच जागी.

आणखी एक. काही ब्लँकेटं गादीवर अंथरायची असतात, काही अंगावर पांघरायची. बरोबरच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. अंथरायचं ब्लँकेट पांघरू नये, पांघरायचं अंगाखाली घेऊ नये. अंथरायचं असेल तर त्याचे बंद गादीला नीट बांधा आणि वरून चादर घाला. घाम, तेल, मळ चादरीला लागतो आणि धुवायची वेळ तिच्यावर येते. ब्लँकेट जितकं कमी धुवावं लागेल, तितकं ते टिकतं.

धुवायची वेळ आलीच तर

आधी शिवणीतली पट्टी वाचा. पाण्याच्या टबावर फुली असेल, तर ते पाण्यात घालायचं नाही. वायर ब्लँकेटपासून सुटीच होत नसेल, तरीही नाही. अशा वेळी प्लग काढून ब्लँकेट पूर्ण गार होऊ द्या. मऊ ब्रशने धूळ झटका. डाग असेल तेवढीच जागा घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या.

धुता येण्यासारखं असेल, तर प्लग काढा, कंट्रोलर आणि वायर सोडवून बाजूला ठेवा. कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबण घाला. ब्लँकेट दहा-पंधरा मिनिटं भिजवून हाताने हलकेच दाबत धुवा. घासायचं नाही, धोपटायचं नाही, पायाखाली तुडवायचं नाही आणि ब्लीच तर अजिबात नको. पट्टीवर मशीनची परवानगी असेल, तरच मशीनमध्ये, तेही अगदी नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर. साबण निघेपर्यंत खळबळा. पिळू नका. मोठ्या टॉवेलमध्ये ठेवून दाबलं की बरंचसं पाणी निघून जातं.

वाळवताना दोन दोऱ्यांवर पसरून टाका, म्हणजे ओझं एकाच जागी येत नाही. तारेवर चिमटे लावू नका. आपल्याकडे डिसेंबरात दोन-दोन दिवस लागतात, लागू द्यात. वायर जोडायची खाच आतून कोरडी झालीय ना, ते मुद्दाम बघा. ‘चालू करून ठेवलं की लवकर वाळेल’ असं घरात कुणी म्हणेल, त्याचं ऐकू नका! ओलं ब्लँकेट विजेला जोडणं जिवावर बेतू शकतं. इस्त्री नको आणि ड्रायक्लीनलाही देऊ नका. त्यातल्या रसायनांनी तारेचं आवरण खराब होतं.

होळीनंतर ठेवताना

थंडी सरली की ब्लँकेटची सैलसर गुंडाळी करा. जागा नसल्याने घडी घालावीच लागली, तर ती मोठी आणि सैल ठेवा. त्यावर गाद्या, ट्रंका रचू नका. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांनी तारेचं आवरण बिघडू शकतं. माळ्यावर उंदरांचा वावर असेल, तर ब्लँकेट कपाटातच बरं. कुरतडलेली तार वरून दिसतही नाही.

दिवाळीत बाहेर काढल्यावर लगेच गादीवर घालू नका. उजेडात धरून बघा. तारा एका जागी गोळा झाल्यात का? कापडावर तपकिरी डाग आहे का? वायर सोललीय का? मग पसरून थोडा वेळ चालू करा आणि समोर थांबा. जळका वास आला किंवा प्लग तापला, तर लगेच बंद करा. अशा ब्लँकेटला टेप गुंडाळून काम भागवायचं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं

आमच्या शेजारच्या काकूंना बरीच वर्षं मधुमेह आहे. मागच्या हिवाळ्यात त्या ब्लँकेट रात्रभर चालू ठेवून झोपल्या. सकाळी सुनेला त्यांच्या टाचेवर टपोरा फोड दिसला. ‘अगं, मला तर काहीच कळलं नाही!’ काकू म्हणाल्या. मधुमेहात पावलं बधिर होतात, चटका बसला तरी जाणवत नाही. ती जखम भरायला दोन महिने लागले, रोजचं ड्रेसिंग वेगळंच.

भाजायला उकळतं पाणीच लागतं असं नाही. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 1947 मध्ये दाखवून दिलं, की 44 अंश सेल्सियसची उष्णता एकाच जागी साधारण सहा तास राहिली, तरी त्वचा भाजते. हाताला ती फक्त ‘छान गरम’ लागते. म्हणून मधुमेही, अर्धांगवायू झालेली, झोपेच्या गोळ्या घेणारी, स्वतः बटण बंद करू न शकणारी माणसं यांच्यासाठी अंथरूण आधी तापवा. ती झोपायला आली की प्लग काढा. बाळाला तर त्यावर निजवूच नका. गरोदरपणी डॉक्टरांना विचारा.

खरं तर हा नियम सगळ्यांनीच पाळावा. रात्रभर चालेल असं कागदावर स्पष्ट लिहिलं असेल, तरच चालू ठेवून झोपा. गरम पाण्याची पिशवी आणि हे ब्लँकेट एकत्र नको. त्याला सेफ्टी पिना टोचू नका. प्लग भिंतीतल्या सॉकेटलाच लावा, लोंबत्या एक्स्टेन्शनला नको. आणि लाईट गेली की आठवणीने बटण बंद करा. नाहीतर मध्यरात्री ती येते आणि सगळे झोपेत असताना ब्लँकेट तापत राहतं.

दहा वर्षं झाली, की दिसायला कितीही चांगलं असो, त्याला निरोप द्या. ‘अजून चालतंय की’ म्हणून ते कामाला येणाऱ्या मावशींना देऊ नका. जे आपल्या सासूबाईंच्या अंगाखाली नको, ते त्यांच्या लेकरांच्या अंगाखाली कसं चालेल? प्लग काढून ठेवा, वायर कात्रीने कापून टाका आणि मगच ते घराबाहेर काढा. मावशींना द्यायचीच असेल, तर एक चांगली जाड गोधडी द्या. तिला ना बटण, ना वायर, आणि ऊब रात्रभराची!