बर्फावरची फळी : फ्रीराइड की ऑल-माउंटन?

सुरतेच्या विद्यार्थ्याने स्नोबोर्डवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. तापीकाठी बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर! परंतु उत्तरायणाला गच्चीवर चढणारा प्रत्येक सुरतकर एक गोष्ट जाणतो : आधी वारा पाहावा, मग पतंग निवडावा. स्नोबोर्डचेही तसेच आहे. आधी बर्फ पाहावा, मग फळी.

दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ तसा तरुणच म्हणावा लागेल. १९६५ साली अमेरिकेतील शर्मन पॉपेन या अभियंत्याने मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या, तेथून याचा प्रारंभ झाला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. आता फळ्यांचे अनेक प्रकार निघाले असून नवख्याचा गोंधळ उडतो तो मुख्यतः दोहोंत.

ऑल-माउंटन फळी ही सर्व कामांची. तिचा ताठरपणा मध्यम असतो आणि पुढचे व मागचे टोक जवळजवळ सारखे. पाय साधारण मध्यभागी बांधले जातात. त्यामुळे ती सहज वळते, उलट दिशेनेही चालते आणि नवशिक्याच्या चुका पुष्कळशा पोटात घालते. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर ती उत्तम. थोड्याफार ताज्या बर्फातही निभावते.

फ्रीराइड फळी खोल, भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी घडवलेली असते. ती बहुधा लांब व ताठ असते. तिचे नाक रुंद व उचललेले, शेपूट निमुळते आणि पाय बांधण्याची जागा मागे सरकवलेली. कारण साधे आहे. खोल बर्फात नाक रुतले की माणूस तोंडघशी पडतो. भार मागे गेला की शेपूट किंचित बुडते आणि नाक वर तरंगते. वेगातही ती डळमळत नाही. मात्र हीच फळी कमी वेगात वळवणे नवशिक्यास जड जाते.

आता आपल्या देशाचा बर्फ पाहू. उत्तराखंडातील औली येथे २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. तेथील तयार केलेल्या उतारांवर ऑल-माउंटन फळीच शोभते. काश्मीरमधील गुलमर्गला मात्र दोन्ही जगे एकत्र नांदतात. खाली सौम्य उतारांवर नवशिके शिकतात; गंडोलाने अफरवतच्या बाजूस सुमारे ३,९५० मीटर उंचीवर गेले की खोल बर्फाचे विस्तीर्ण उतार लागतात. फ्रीराइडचे शौकीन परदेशातून येतात ते यांच्यासाठी.

पण येथे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन स्कीपटू दगावला. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. सोबत्यांनीच त्याला काढावे लागते. यास्तव फ्रीराइडला जाणाऱ्यांपैकी प्रत्येकाजवळ ठावठिकाणा कळवणारे संदेशयंत्र, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी व फावडे हवे, ते वापरण्याचा सराव हवा आणि बरोबर जाणकार वाटाड्या हवा. फ्रीराइड फळी विकत मिळते. हे ज्ञान तिच्याबरोबर मिळत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हिशेबही मांडावा. वर्षातून आठवडाभर वापरायची वस्तू उरलेले एकावन्न आठवडे माळ्यावर पडून राहील; भांडवल अडकेल आणि घसारा मात्र चालूच. गुलमर्गला फळी व बूट भाड्याने मिळतात. तेव्हा प्रथम ऑल-माउंटन फळी भाड्याने घ्यावी. ती निवडताना उंचीइतकेच वजन व बुटाचे माप पाहावे. बूट फळीबाहेर फार आला तर वळताना बर्फात अडकतो. कोणत्याही उतारावर दोन्ही बाजूंना वळणे व हवे तेथे थांबणे अंगवळणी पडले, खोल बर्फाची ओढ कायम राहिली आणि सोबत्यांना शोधून काढण्याचा सराव झाला, म्हणजे फ्रीराइडचा विचार करावा.

वारा न पाहता पतंग उडवणाऱ्याचा फार तर पतंग जातो. बर्फ न पाहता फळी निवडणाऱ्याचे नुकसान तेवढ्यावर भागेलच असे नाही.