तेल प्यालेली माती

मामांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याच्या शेडखाली दोन-अडीच हात जागा कायम काळी आणि चिकट असायची. टाकी भरताना सांडलेलं डिझेल, बदलून टाकलेलं जळकं ऑइल, सगळं तिथेच मुरायचं. भोवताली हराळी माजलेली, पण त्या डागात काडी उगवत नसे. पाऊस पडला की अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब त्या मातीवरून घरंगळायचे. मामा म्हणायचे, "ही जमीन तेल प्यालीय, आता ती पाणी पिणार नाही." पुढे विजेची मोटार आली, इंजिन भंगारात गेलं. बऱ्याच वर्षांनी तिथे उभा राहिलो तेव्हा त्या जागी लव्हाळा उगवला होता. माती कुणी बदलली नव्हती, डाग कुणी धुतला नव्हता.

हे काम मातीतल्या जिवाणूंचं. चमचाभर सुपीक मातीत ते कोट्यवधींनी असतात. तेल सांडल्यावर पहिल्यांदा त्यांच्यात मरणकळा पसरते. बेंझीन, टोल्यूईनसारखे हलके घटक पेशीच्या पातळ आवरणात घुसून ते ढिलं करतात. असंख्य जाती मागे पडतात, मातीतलं वैविध्य घटतं. मग एरवी मूठभर असणारे काही जिवाणू झपाट्याने वाढू लागतात: स्यूडोमोनस, ऱ्होडोकॉकस आणि त्यांचे सोबती. आपल्याला जे विष, ते त्यांना अन्न. ही चव त्यांना रिफायनऱ्यांनी लावलेली नाही. झाडांच्या पानांवर जे मेण असतं, त्यातही हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या असतात. पानगळ सुरू झाली तेव्हापासून माती ते पचवत आली आहे.

पण तेल पाण्यात मिसळत नाही, आणि जिवाणू राहतात पाण्याच्या पापुद्र्यात. म्हणून काही जण साबणासारखं द्रव्य सोडतात आणि तेलाचे बारीक थेंब करून घेतात. मग एन्झाइमच्या मदतीने साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडायचा आणि दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत जायचं. बेंझीनसारखी कडी असेल तर आधी ती उघडावी लागते. ही विद्या देणारी जनुकं पुष्कळदा प्लाझमिड नावाच्या सुट्या वेटोळ्यांवर असतात आणि एक जिवाणू ती शेजाऱ्याला देऊ शकतो. डांबरातल्या चार-पाच कड्यांच्या रेणूंपुढे मात्र सगळ्यांचाच वेग मंदावतो. असे रेणू मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतात.

मग डाग लवकर का जात नाही? ऊस उत्पादकाला याचं उत्तर ठाऊक आहे. पाचट नुसतं पसरलं तर कुजायला वेळ लागतो, म्हणून त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतात. पाचटात कार्बन भरपूर, नत्र अगदी थोडं. तेलात तर नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. जिवाणूंपुढे ताट वाढलेलं असतं, पण शरीर बांधायला लागणारं साहित्य नसतं. दुसरी अडचण वाफशाची. हवा आणि ओल यांचा जो मेळ शेतकरी पेरणीआधी हातात माती घेऊन पाहतो, तो तेलकट मातीत जमतच नाही. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचं मर्म वाफसा या एका शब्दात आहे.

अलास्कात 1989च्या मार्चमध्ये एक्झॉन वाल्डिझ हे जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथल्या किनाऱ्यांवर खतं फवारली गेली. नवे जिवाणू न आणता, जे होते त्यांनाच नत्र-स्फुरद दिलं, आणि बऱ्याच ठिकाणी तेल लवकर विघटित झालं. याउलट आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अनेक प्लाझमिड एकत्र आणून घडवलेला तेलखाऊ स्यूडोमोनस 1980मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटचा खटला जिंकून गेला, पण तेलगळतीवर तो कधी सोडला गेला नाही. आपल्याकडे टेरी संस्थेने तेलाच्या गाळावर वाढणाऱ्या जिवाणूंचं 'ऑइलझॅपर' हे मिश्रण तयार केलं. मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळून ते तेलकट गाळात टाकतात.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या बेमिडजी गावाजवळच्या एका रानाने. 20 ऑगस्ट 1979 रोजी तिथली तेलवाहिनी फुटली आणि सुमारे 17 लाख लिटर कच्चं तेल वाळूत पसरलं. बरंचसं उपसलं, काही जाळलं, तरी सुमारे 4 लाख लिटर मागे राहिलंच. ते खाली झिरपून भूजलावर तरंगू लागलं. 1983पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ही जागा कायमची प्रयोगशाळा केली.

भीती होती की बेंझीन पाण्याबरोबर वाहत दूरवर जाईल. विषारी पट्टा पसरला, पण पाण्याच्या वेगाने नाही. वाटेतच ते खाल्लं जात होतं. गंमत अशी की तिथला ऑक्सिजन केव्हाच संपला होता. श्वास घेणं म्हणजे अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात टाकणं. ऑक्सिजन नसेल तर नायट्रेट, ते संपलं तर मँगनीज, मग वाळूच्या कणांवरचा लोखंडाचा गंज. डेरेक लव्हली यांना पोटोमॅक नदीच्या चिखलात सापडलेला जिओबॅक्टर हा जिवाणू टोल्यूईन खाऊन गंजावर इलेक्ट्रॉन सोडतो, हे 1989मध्ये सिद्ध झालं. लोखंडही संपलं की अखेरीस गोबरगॅसच्या टाकीत चालतं तेच सुरू होतं, मिथेन तयार होतो.

यावरून 'आपोआप साफ होईल, हात लावू नका' असा सोयीचा अर्थ काढणाऱ्यांचा मला राग येतो. बेमिडजीत गंज विरघळला तेव्हा त्याला धरून बसलेलं अर्सेनिक पाण्यात सुटलं, काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट. आणि चाळीस वर्षांनंतरही तेल जमिनीखाली होतंच. माणसाच्या अर्ध्या आयुष्याहून जास्त काळ एका विहिरीचं पाणी बाद ठेवणं याला सफाई म्हणता येत नाही.

थंडीच्या दिवसांत पहाटे शेणखताचा खड्डा उकरला की आतून वाफ निघते. बेमिडजीत हिवाळ्यात पारा शून्याच्या फार खाली जातो, रान बर्फाने झाकलं जातं. संशोधकांनी तेलाच्या वरच्या मातीत तापमापक पुरले, तेव्हा ती माती आजूबाजूच्या मातीपेक्षा सरासरी दोन अंशांहून अधिक गरम निघाली. बर्फाखाली जेवण चालू होतं.