जुना ट्रॅक्टर कोणत्या शेताला परवडतो?

ट्रॅक्टर जितका नवा आणि जितक्या जास्त एचपीचा तितका चांगला, ही समजूत आपल्या जमिनीच्या मापात बसत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. एवढ्या रानाची नांगरट, पाळी आणि पेरणी धरली तरी वर्षाकाठी ट्रॅक्टरला काम मोजक्याच तासांचे मिळते. कर्जाचे हप्ते मात्र चुकत नाहीत. म्हणून ट्रॅक्टर घेताना वर्षाला तास किती भरतील आणि कामाला ओढ किती लागेल, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. या हिशेबात पंचवीस ते पस्तीस एचपीचा, नीट राखलेला जुना ट्रॅक्टर मध्यम शेतासाठी आजही योग्य ठरतो.

असे ट्रॅक्टर मुळात बेताच्या शेतांसाठीच घडले. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर मागे ओढत नेण्याऐवजी तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि हायड्रॉलिकच्या ताब्यात दिला. मातीचा अडथळा वाढला की नांगर किंचित उचलला जातो, ओढीचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलके यंत्रही सहसा घसरत नाही. १९४६ ते १९५६ या काळात त्यांचे टीई-२० हे मॉडेल पाच लाखांवर तयार झाले. मॅसी फर्ग्युसन १०३५ त्याच घराण्यातला. आपल्याकडे महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून बी-२७५ आणला, तर दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या आराखड्यावरून १९७४ मध्ये स्वराज ७२४ बाजारात आला. यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स नाही. गावचा मिस्त्रीही ते खोलून बांधू शकतो.

तरी सरसकट शिफारस चुकीची ठरेल. तीन-चार एकरांपर्यंत भाड्याचाच ट्रॅक्टर बरा. पाच ते पंधरा एकर जिरायत किंवा मिश्र शेतीला जुना ट्रॅक्टर शोभतो. भाड्याचा ट्रॅक्टर पाच एकरांनाही स्वस्त पडेल, असे कोणी म्हणेल. पण पावसानंतर वाफसा येतो तेव्हा तो सगळ्या गावालाच हवा असतो आणि पेरणी लांबली की नुकसान भाड्यापेक्षा मोठे होते. घरचा जुना ट्रॅक्टर उभा राहिला तरी त्याच्यात अडकलेली रक्कम थोडीच असते. याउलट उसाची खोल नांगरट आणि दिवसभराचे रोटाव्हेटरचे काम पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर मागते. द्राक्षबागेला अरुंद, छोटा ट्रॅक्टरच हवा.

जुना ट्रॅक्टर डिझेल पितो, हा आक्षेप इंजिन झिजलेले असेल तर खरा आहे. पण तास कमी असतील तर वाचलेल्या व्याजापुढे तो खर्च किरकोळ राहतो. सुटे भाग मात्र गंभीर बाब आहे. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्यामुळे ज्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात तेच मॉडेल निवडावे. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट बहुधा नसते, ब्रेकही कमजोर असतात. ही चौकट आणि पट्टा बसवून घेणे, ब्रेक दुरुस्त करणे हा खर्च किमतीतच धरावा. सौदा ठरवण्यापूर्वी ट्रॅक्टर रानात भाराखाली चालवून पाहा, नोंदणीचे कागद तपासा आणि आपल्या एकरांचा हिशेब समोर ठेवूनच पैसे मोजा.